भजनी मंडळाला जेलात जायचं असेल तर काय काय करावं लागतं

मराठवाड्यात सप्ताह होत नाही असं गाव सापडणं मुश्किल, आणि काल्याचा प्रसाद वाटून झाला की हल्ली बऱ्याच मंडळांत एक विषय निघतो, आपण एखादं कीर्तन जेलात पण ठेवू, तिथल्या पोरांच्या कानावर पण दोन चांगले शब्द पडतील. विचार लै चांगला आहे. पण फोन करणारे सगळे एवढंच विचारतात की परवानगी कुणाकडं मागायची अन आत किती माणसं सोडतात. म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय, कारण परवानगी हा ह्यातला सोपा भाग आहे, अवघड भाग जेलच्या बाहेर आहे आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. जेलातलं कीर्तन हे निम्मं काम. उरलेलं निम्मं त्या गुन्ह्यानं ज्याचं वाटोळं झालं त्याच्या ओसरीवर, आणि सुटून आलेला माणूस ज्या घरात परत येतो त्या घरी. बाहेरचं करायची तयारी नसेल तरी आतलं कीर्तन करा, चांगलंच आहे, पण मग कैदी सुधारले असं बोर्डावर लिहू नका.

आधी मंडळानं आपसात बसून बोलायचं

जेलात जाणारा जवळपास प्रत्येक महाराज वाल्या कोळ्याची गोष्ट सांगतो. कैद्यांना ती पाठ झालेली असते. नारद भेटले, बायकापोरांनी पापाचा वाटा घ्यायला नाही म्हटलं, राम राम म्हणत वारूळ चढलं अन वाल्याचा वाल्मिकी झाला. ह्या गोष्टीत रांजण पण आहेत. एक माणूस मारला की एक खडा रांजणात टाकायचा, असे सात रांजण भरले होते. आपण सांगताना वारुळापर्यंत धावत येतो आणि ते रांजण मागं तसेच राहून जातात. त्यातला एकेक खडा म्हणजे एकेक घर होतं, कुणाची तरी आई, कुणाची तरी लेकरं. त्यांच्याकडं कोण गेलं? हा प्रश्न आमच्याकडं एका म्हाताऱ्या टाळकऱ्यानं काढला आणि त्या रात्री भजन बाजूला राहून चर्चाच झाली. तुम्ही पण करा. ज्या मंडळाला हा प्रश्न पडत नाही त्या मंडळानं अजून जेलात जायची घाई करू नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या परंपरेत ह्याला आधार नाही असं नाही. ज्ञानोबांचं आपेगाव आपल्याच पैठणजवळचं. पसायदान आपण रोज म्हणतो, त्यात माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत, त्यांच्यातला वाकडेपणा जावा एवढंच मागतात, आणि त्याच ओवीत पुढं जीवाजीवांत मैत्री मागतात. म्हणजे माणूस सरळ होणं आणि तुटलेलं नातं जुळणं ह्या दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्यात. आपण जेलात गेलो की पहिल्या मागणीवरच थांबतो.

परदेशात ह्याला रिस्टोरेटिव्ह जस्टिस म्हणतात, म्हणजे झालेलं नुकसान भरून काढणारा, तुटलेलं जोडणारा न्याय, आणि तिथं पण सुरुवात देवाधर्माच्या माणसांनीच केली. १९७४ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात एल्मायरा नावाच्या गावात दोन पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी तोडफोड केली. मार्क यांत्झी नावाचा प्रोबेशन अधिकारी होता, म्हणजे गुन्हा केलेल्यांवर बाहेर देखरेख ठेवणारा, मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथातला, त्यानं न्यायाधीशांना सुचवलं की ह्या पोरांना ज्यांचं नुकसान झालं त्यांच्या दारोदार नेऊ. न्यायाधीशांनी ऐकलं. पोरं एकेका दारात जाऊन उभी राहिली, बोलणी ऐकली आणि भरपाई दिली. एवढ्या साध्या गोष्टीतून पुढं जगभर काम उभं राहिलं.

आपल्या महाराष्ट्रात पण जुनी उदाहरणं आहेत. १९३२ मध्ये धुळ्याच्या जेलात विनोबा दर रविवारी कैद्यांना गीता सांगायचे आणि साने गुरुजी ते लिहून घ्यायचे, दोघं पण तेव्हा कैदीच होते. १९३९ मध्ये औंध संस्थानानं आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, तिथं कैदी भिंतीशिवाय, बायकापोरांसोबत, शेती करून राहायला लागले. आपल्या पैठणला पण खुलं कारागृह आहे, चांगल्या वागणुकीचे शिक्षा झालेले बंदी तिथं शेतात काम करतात.

परवानगी आणि आतलं कीर्तन

अर्ज कारागृह अधीक्षकांच्या नावानं करायचा, मंडळाच्या लेटरहेडवर. हर्सूलसारखं मध्यवर्ती कारागृह असो की नांदेड, परभणी, बीड, धाराशिव ह्यांच्यासारखी जिल्हा कारागृहं, रीत साधारण सारखीच. येणाऱ्यांची यादी, प्रत्येकाच्या आधारची झेरॉक्स, कार्यक्रम काय आणि किती वेळ, वाद्यं कोणती, सगळं लिहून द्या. कधी अधीक्षक स्वतः ठरवतात, कधी प्रकरण वर उपमहानिरीक्षकांच्या कार्यालयात जातं, मग वेळ लागतो, तोवर चिडू नका. ज्याच्यावर स्वतःवर केस चालू आहे किंवा ज्याचा भाऊबंद आत आहे अशाचं नाव आधीच सांगा, नंतर कळलं तर सगळ्या मंडळाची परवानगी जाते. मोबाइल, पैसे, तंबाखूची पुडी, चुन्याची डबी गेटवर काढून घेतात, मृदंग ठोकून बघतात, पेटी उघडून बघतात. बघू द्या. आपल्यातले काही ज्येष्ठ लोक ह्याला अपमान समजतात, त्यांना आधीच नीट समजावून आणा.

आत गेल्यावर "तुम्ही पापं केली म्हणून इथं आलात" असं एक वाक्य सुद्धा बोलायचं नाही. कारण पहिलं म्हणजे ते खरं नसतं. २०२२ च्या देशाच्या आकडेवारीत दर चार कैद्यांमागं तीन कच्चे कैदी होते, म्हणजे केस चालू आहे, गुन्हा शाबित झालेलाच नाही. समोर बसलेल्यात कुणी निर्दोष असणारच. अशा लोकांसमोर मी जनाबाई सांगा म्हणतो. गंगाखेडची जनी, आपली परभणीकडची, तिच्यावर देवाचं पदक चोरल्याचा आळ आला, सुळावर द्यायला नेलं आणि सुळाचं पाणी झालं. ही कथा कच्च्या कैद्यांच्या बॅरेकमध्ये जशी ऐकली जाते तशी कुठल्या सप्ताहात मी ऐकली जाताना बघितली नाही. मान खाली घालून बसलेली माणसं मान वर करतात.

दुसरं, सगळे आपलेच वारकरी नसतात. मराठवाड्यातल्या जेलात मुस्लिम पोरं असतात, बौद्ध पोरं असतात, पारधी असतात, ज्याला कुठल्याच देवाशी देणंघेणं नाही असे पण असतात. कार्यक्रमाला बळजबरी बसवू नका असं अधीक्षकांना आपणच सांगायचं. आणि मंडळानं एकट्यानं जाण्यापेक्षा गावातले मौलाना आणि विहारातलं कुणी सोबत येत असेल तर लैच चांगलं. अंगुलिमालाची गोष्ट तर ह्या कामासाठी सगळ्यात जवळची. तो भिक्खू झाला, खरंच बदलला, तरी भिक्षेला गेला की लोक दगड मारायचे, रक्तानं भरलेला, फुटलेलं पात्र घेऊन परत यायचा आणि बुद्ध त्याला म्हणायचे सहन कर. बदललेल्या माणसाला पण गाव लगेच घेत नाही हे त्यात सरळ सांगितलंय, कुठलाही चमत्कार मधे न आणता. कुरआनात पण खून झालेल्याच्या वारसाला माफ करायचा आणि भरपाई घ्यायचा मार्ग दिलाय, आणि ती भरपाई नीट चांगुलपणानं पोचवावी असं पण सांगितलंय. आपल्या देशाचा कायदा त्याप्रमाणं चालत नाही ते वेगळं, पण ज्याच्या घरात हे ऐकलेलं आहे त्याच्याशी बोलायला तिथून सुरुवात करता येते.

तिसरं, आपण कमी गायचं आणि त्यांना जास्त गाऊ द्यायचं. राज्यातल्या तुरुंगांमध्ये कैद्यांची आंतर-कारागृह भजन आणि अभंग स्पर्धा २०२२ मध्ये झाली, म्हणजे आत गाणारे, वाजवणारे आहेतच. टाळ त्यांच्या हातात द्या.

बायकांच्या बॅरेकला मंडळातल्या बायकांनीच जायचं. तिथं पहिला विषय लेकरांचा निघतो. सहा वर्षांपर्यंतचं लेकरू आईजवळ आत राहू शकतं, त्याच्या वरची कुणाकडं तरी ठेवलेली असतात, आणि ती कुठं आहेत, शाळेत जातात का, हे त्या आईला कुणी सांगत नाही. एखाद्या बाईनं पत्ता दिला तर अधीक्षकांना विचारून त्या घरी जाऊन या आणि पुढच्या खेपेला सांगा. हे काम कीर्तनाच्या वरचं आहे.

गेटच्या बाहेर थांबा

कार्यक्रम झाला की लगेच गाडीत बसून निघू नका. मुलाखतीच्या दिवशी गेटवर जी माणसं बसलेली असतात त्यांच्याजवळ बसा. एक म्हातारी आठवते, लुगड्याच्या पदरात शेंगाची चटणी अन भाकरी बांधून आणलेली, रात्रीच्या एसटीनं निघालेली, आणि खिडकीवर कळलं की घरचं आत घेत नाहीत, वरून आधारवरचं नाव आणि मुलाखतीच्या कागदावरचं नाव जुळत नाही. तिला वाटत होतं पोराला शिक्षा लागली. शिक्षा लागलेलीच नव्हती, जामीन मंजूर होऊन बसला होता आणि जामीनदार मिळत नव्हता, एवढंच.

असे लै असतात, म्हणून मंडळातल्या एका तरी शिकलेल्या पोरानं ह्या गोष्टी पाठ करून ठेवाव्यात. कोठडीत असलेल्या प्रत्येकाला, कमाई कितीही असो, सरकारी खर्चानं वकील मिळतो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं आहे. जिल्हा कोर्टातच विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, आणि १५१०० हा फोन नंबर देशभर चालतो. १ जुलै २०२४ पासून जो नवीन कायदा लागू झाला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, त्याच्या कलम ४७९ मध्ये असं आहे की पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्यानं जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बाँडवर सोडायचं, बाकीच्यांना अर्ध्या काळानंतर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याला हे लागू नाही, आणि एकापेक्षा जास्त केस असतील तरी अडतं. जामीन मिळून सात दिवसांत माणूस बाहेर आला नाही तर अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असं सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये सांगितलंय. आणि पैशामुळं अडकलेल्या गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासून योजना आहे, कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी, २०२३ मध्ये ही मर्यादा ४० हजार आणि २५ हजार अशी होती, जिल्ह्याची समिती ठरवते. काही गुन्हे त्यातून वगळलेत.

हे सगळं त्या म्हातारीला कागदावर लिहून देऊन उपयोग नाही. तिच्यासोबत कोर्टातल्या त्या ऑफिसपर्यंत चालत जावं लागतं, खुर्चीवरच्या माणसाला परत परत विचारावं लागतं, आणि जामीनदार म्हणून सातबारा लावायची वेळ आली तर मंडळातल्या कुणी लावायचा का, हे आधीच ठरवून ठेवावं लागतं. मी लावा म्हणतो, पण घरच्यांना विचारून, माणूस तारखेला हजर राहील ह्याची खात्री करून.

ज्याचं नुकसान झालं त्याच्या घरी

इथं लै जपून. पहिल्यांदा जाताना आरोपीचं नाव सुद्धा काढायचं नाही. भेटायला आलोत, कसं चाललंय, एवढंच. बहुतेक घरांत घटना झाल्यावर पंधरा दिवस गर्दी असते, पुढारी येतात, फोटो होतात, आणि मग कुणी फिरकत नाही. दवाखान्याचं बिल, पोराची फी, तारखेला जायचं भाडं, हे सगळं त्यांच्या अंगावर. कुणाला जखम झाली, कुणी मेलं तर विधी सेवा प्राधिकरणाकडं नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो, आणि बलात्कार, ॲसिड हल्ला, लहान लेकरांवरचे अत्याचार ह्यासाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, हे कितीतरी घरांना माहीतच नसतं. अर्ज भरून द्या. ते झालं, वर्ष गेलं, दोन वर्षं गेली, आणि त्या घरातनंच कुणी विचारलं की "त्याला काही वाटतंय का हो?", तर तिथून पुढचा विषय सुरू होऊ शकतो. नाही विचारलं तर नाही. आपण सुरू करायचा नाही.

माफ करा असं कधीच, कधीच म्हणायचं नाही. एकनाथ महाराजांच्या अंगावर तो माणूस पुन्हा पुन्हा थुंकला आणि महाराज पुन्हा पुन्हा गोदावरीत जाऊन आंघोळ करून आले, ही गोष्ट पैठणच्या माणसाला सांगायला लागत नाही. पण ती गोष्ट ज्याचा पोरगा मेला त्याला सांगणं म्हणजे त्याच्या दुःखावर हुकूम सोडणं आहे. नाथांनी स्वतः सहन केलं, दुसऱ्याला सहन कर म्हणून उपदेश नाही केला. दुखावलेल्या माणसाला राग ठेवायचा हक्क आहे, आयुष्यभर ठेवायचा पण.

केस चालू असताना दोन घरांची भेट घालून द्यायच्या भानगडीत पडू नका. फिर्यादी साक्षीदार असतो, त्याच्यावर दबाव आणला असं झालं तर मंडळावर गुन्हा होईल आणि ते बरोबरच असेल. काही गुन्हे कोर्टात आपसात मिटतात, काही कोर्टाच्या परवानगीनं, बरेच अजिबात मिटत नाहीत, ते वकिलाचं काम. आम्ही जे करतो ते शिक्षा लागल्यावर, आणि त्यातनं शिक्षा एक दिवस पण कमी होणार नाही हे दोन्हीकडं आधीच सांगून.

आणि काही ठिकाणी भेट घालायचीच नाही. बलात्कार, लेकरांवरचे अत्याचार, नवऱ्यानं बायकोला जाळलं मारलं, आणि ॲट्रॉसिटीची केस. मराठवाड्यात दलित वस्तीवर हल्ला झाला की चौथ्या दिवशी गावातले प्रतिष्ठित "गावाची शांतता" म्हणून केस मागं घ्यायला वस्तीत जातात, त्यात माळकरी पण असतात, आणि हे बघून मला लाज वाटते. तो समेट नाही, ती दुसरी मारहाण आहे. तसंच जातपंचायत भरवून दंड लावणं, वाळीत टाकणं, ह्याच्या विरुद्ध २०१६ चा राज्याचा सामाजिक बहिष्काराचा कायदा आहे. आपली बैठक तिच्या वाटेला जाते आहे असं जरा जरी वाटलं तर उठून निघा.

एक बैठक कशी झाली ते सांगतो

बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातलं गाव. बांधावरून चुलतभावांत भांडण, आमच्याकडं निम्मी भांडणं बांधाचीच, एकानं कोयता चालवला, दुसऱ्याचा उजवा हात गेला म्हणजे आहे पण चालत नाही. मारणाऱ्याला शिक्षा लागली. काही वर्षांनी तो संचित रजेवर, फर्लोवर, गावाला येणार होता आणि जखमी माणसाच्या बायकोनं स्वतः निरोप धाडला की मला त्याच्याशी बोलायचंय.

तयारीला महिने लागले. दोन्ही घरी वेगवेगळं जाऊन काय बोलणार, काय ऐकवणार नाही, कोण बसणार, हे ठरवलं. तिचा भाऊ सोबत असेल, त्याच्या बाजूनं फक्त आई. पुढारी नाही, भावकीतलं दुसरं कुणी नाही, मोबाइल नाही. जागा देऊळ नको असं तिनं सांगितलं, कारण देवळात बसलं की आपोआप माफ करायला लागतं असं तिला वाटत होतं. लै शहाणी बाई. म्हणून शाळेच्या वर्गात सतरंजी टाकून बसलो.

त्यानं माफी पाठ करून आणलेली. तिनं सुरू करूच दिली नाही. नवऱ्याचा हात धरून सतरंजीवर ठेवला, तीन बोटं वळत नव्हती, आणि म्हणाली, "ह्या हातात कासरा धरता येत नाही. शर्टाच्या गुंड्या मी लावते. पोरगं बारावी सोडून ऊसतोडीला गेलं. तू आत होतास तर सरकार तुला खाऊ घालायलं होतं, आम्हाला कोण?" तो रडायला लागला तर म्हणाली, "रडू नको, ऐक." आमच्यातलं कुणी मधे बोललं नाही. बैठकीत मंडळाचं सगळ्यात मोठं काम हेच, शांतता वाटली की अभंग सुरू करायचा नाही, गप्प बसायचं.

शेवटी मी एवढंच विचारलं की ताई तुम्हाला काय पाहिजे. तिचं उत्तर तयार होतं. बांधाची सरकारी मोजणी, पैसे त्यांनी भरायचे, दगड रोवायचे. दोन खरीप हंगाम त्यांच्या भावानं आपल्या बैलांनी आमची पेरणी, कोळपणी करून द्यायची, सोयाबीनची पण अन तुरीची पण. आणि सुटून आल्यावर त्यानं आमच्या दारावरून जायचं नाही, वरच्या वाटेनं जायचं. माफ केलं असं ती म्हणाली नाही. आजपर्यंत नाही म्हणाली. कागद केला, दोघांच्या सह्या, एक प्रत मंडळाकडं. मोजणी झाली, पेरण्या झाल्या, पोरानं बाहेरून बारावीचा फॉर्म भरला. मला हे माफीपेक्षा पक्कं वाटतं.

बैठकीनंतर ठरलेलं पूर्ण होतंय का हे बघायची जबाबदारी एकाच माणसावर द्या, सगळ्यांवर दिली की कुणाचीच राहत नाही.

पारध्यांच्या पालावर

हे वेगळं लिहितोय कारण मंडळं इथं येऊन अडतात. चोरी झाली की पहिल्यांदा पारध्याच्या पालावर जायची गावाला आणि पोलिसांना पण सवय आहे. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्यातनं निघाला, डोक्यातनं निघाला नाही. जेलात सुद्धा जातीवरून कामं वाटायची पद्धत होती, ती घटनाबाह्य आहे असा निकाल सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला दिला. तर इथं देणंघेणं उलटं आहे, नुकसान कुणी कुणाचं केलं हे बघायला गेलं तर गावाकडंच बाकी निघते. पारध्याचा पोरगा सुटून आला म्हणून त्याला उपदेश करायला जाण्याआधी त्याच्या पालाला नळाचं पाणी, रेशन कार्ड आणि लेकरांना शाळेचा दाखला मिळाला का ते बघा, आणि सप्ताहाच्या पंगतीत ते आपल्या शेजारी बसतात का ते पण बघा. आमच्याकडं बसायला लागले, पण पहिल्या वर्षी चार घरं उठून गेली. गेली तर गेली.

माणूस सुटून येतो तेव्हा

सुटायच्या आधीपासून तयारी लागते. फर्लो असो की पॅरोल, गावातनं पोलिसांचा अहवाल जातो आणि गावानं नको म्हटलं की अर्ज बऱ्याचदा तिथंच बसतो, म्हणून पोलीस पाटलाशी, सरपंचाशी आधी बोलून ठेवा, आणि ज्याचं नुकसान झालं त्या घराला तर सगळ्यात आधी कळवा, त्यांना रस्त्यात अचानक तोंड दिसायला नको.

आल्यावर पहिल्या आठवड्यात कागदं. रेशन कार्डातलं नाव बऱ्याचदा कटलेलं असतं, बँक खातं बंद पडलेलं असतं, आधारचा मोबाइल नंबर कुणाच्या तरी नावावर असतो. जिल्हा परिविक्षा म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याला भेटा, मुक्त बंद्यांना धंद्यासाठी मदतीची योजना महिला व बालविकास विभागाकडं असते. ज्यांचे आईबाप आत आहेत त्या लेकरांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज पण त्याच विभागात.

मग काम. हे सगळ्यात अवघड, कारण मुकादम सुद्धा टोळीत घ्यायला बघत नाही. मंडळातल्या ज्याचं दुकान आहे, ट्रॅक्टर आहे, वीटभट्टी आहे, त्यानं आधी शब्द द्यावा, आणि रोज बाकीच्यांएवढाच द्यावा. जेलातून आलाय म्हणून कमी पैशात राबवून घेणारे "आम्ही आधार दिला" म्हणून सांगत फिरतात, त्यांना मंडळानं थांबवायचं.

दारू परत सुरू होते, हे धरून चाला. एकदा घसरला म्हणून सोडून देऊ नका, पण बायकोवर हात उचलला तर मंडळानं बायकोच्या बाजूनं उभं राहायचं आणि पोलिसात जायला तिला मदत करायची, आपण एवढं केलं होतं म्हणून झाकायचं नाही.

भजनाला येतो म्हणाला तर येऊ द्या, लगेच पुढं बसवून सत्कार करू नका, माइक हातात देऊन "माझा उद्धार कसा झाला" हे तर सांगायला लावूच नका. त्याच्या मागच्या रांगेत त्या दुसऱ्या घरातलं कुणी बसलेलं असू शकतं. टाळ द्या, सतरंज्या उचलायला, पंगत वाढायला सांगा, बाकीच्यांना सांगता तसंच. आणि दुसऱ्या घरातले लोक भजनाला येत असतील तर आधी त्यांना विचारा, ते नको म्हणाले तर ह्याच्यासाठी वेगळा वार ठरवा, मंडळातले चारपाच जण त्याच्या घरी जाऊन बसले तरी हरिपाठ होतो.